चौदा वर्षे, दोन महिने

दर सुट्टीत जेवणे आटोपली की बाबा एक प्रश्न हमखास विचारतात. "तुझी पूर्ण पेन्शनची सेवा कधी भरते रे?"

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या काळी पूर्ण पेन्शनला ३३ वर्षांची सेवा लागे आणि निवृत्तीचे वय ५८. हे दोन आकडे त्यांना पाढ्यासारखे पाठ. दरवर्षी तालुक्याला जाऊन सेवापुस्तकातली नोंद स्वतः बघून यायचे. एका बिनपगारी रजेच्या नोंदीवरून कारकुनाशी भांडल्याचेही मला आठवते. घरातल्या डायरीच्या शेवटच्या पानावर रुजू झाल्याची तारीख, खंड, निवृत्तीची तारीख आणि पेन्शनचा अंदाज, सगळे पेन्सिलीने लिहिलेले असे. पेन्सिलीने, कारण वेतन आयोग आला की आकडा खोडायचा.

मी खडकवासल्यातून बाहेर पडलो, डेहराडूनहून डिसेंबर २००१ मध्ये कमिशन घेतले, आणि पुढची कित्येक वर्षे या प्रश्नाला "अजून खूप वेळ आहे, बाबा" एवढेच उत्तर देत राहिलो. त्यात थोडी ऐट होती. पेन्शन मोजणे हे मास्तरांचे काम, आपण सैनिक, असा एक भाव. आज हा लेख त्या ऐटीविरुद्ध लिहितो आहे, कारण तिची किंमत मी भरली नाही. माझ्या हाताखालच्या एका जवानाने भरली.

सध्या मी उत्तर बंगालमध्ये बिन्नागुडीला आहे. छावणीच्या भोवती चहाचे मळे, रात्री कधी हत्ती रस्ता ओलांडतात, आणि संध्याकाळी लवकर अंधार पडतो. लिहायला वेळ मिळतो. सेवेत असल्यामुळे धोरणावर जाहीर भाष्य करण्याला मला मर्यादा आहेत आणि त्या मी पाळतो. पण मी जे सांगणार आहे ते छापील नियमांत आहे, आणि बेरीज-वजाबाकीवर अजून तरी कुणी बंदी घातलेली नाही.

आधी नियम, कारण भांडण समजायला ते लागतील.

केंद्र सरकारचा मुलकी कर्मचारी ६० व्या वर्षी निवृत्त होतो. १९९८ पर्यंत हे वय ५८ होते. आपल्या राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी. त्यामुळे गावाकडे 'निवृत्तीचे वय' म्हटले की डोळ्यांसमोर पिकलेले केस येतात. सैन्यात असे एक वय नाही. शिपाई साधारण १७ वर्षे सेवा करतो, ती आणखी २ वर्षे वाढू शकते. नाईक २२ अधिक २, हवालदार २४ अधिक २, नायब सुभेदार २६ अधिक २. अठराव्या वर्षी भरती झालेला शिपाई बढती न मिळाल्यास ३५ ते ३७ व्या वर्षी घरी येतो. त्याची थोरली पोरगी तेव्हा पाचवीत असते. अधिकाऱ्यांत कर्नल ५४ व्या वर्षी, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८, लेफ्टनंट जनरल ६०. म्हणजे जो वर चढतो तो जास्त काळ राहतो, आणि ज्याची बढती थांबते तो नेमका मुलांच्या कॉलेजच्या वर्षांत बाहेर पडतो.

आता पेन्शन. सेवा पेन्शन मिळायला जवान आणि जेसीओंना किमान १५ वर्षांची पेन्शनपात्र सेवा लागते, अधिकाऱ्यांना २० वर्षांची. ही रेघ ओलांडली की पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. पूर्वी सैन्यातही पूर्ण पेन्शनचे गणित ३३ वर्षांशी जोडलेले होते आणि जवान तितकी वर्षे राहूच शकत नाही म्हणून हुद्द्यानुसार काही वर्षे वाढवून धरत. सहाव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २००६ पासून, तो जोड सुटला. म्हणजे बाबांच्या अर्थाने 'पूर्ण पेन्शनचे वय' सैनिकाला नाहीच. त्याला एक रेघ आहे. रेघेच्या पलीकडे निम्मा पगार, आयुष्यभर. अलीकडे शून्य.

मी हे शून्य कुणाला तरी दिले.

२०१० साली मी मेजर होतो, राजस्थानात एका कंपनीचा कमांडर. कंपनीत मराठी मुले मोजकीच. त्यांतला एक लान्स नाईक सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा. शांत माणूस, रायफल स्वच्छ, पाय सडेपर्यंत चालणारा. त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला, धाकटा भाऊ मुंबईत, आणि चुलत्यांनी सामाईक विहिरीच्या पाण्यावरून वाद काढला. तो माझ्यासमोर अर्ज घेऊन उभा राहिला. "साहेब, आता मला घरी जाऊ द्या." मी त्याला बसवले, चहा पाजला, दोन दिवस विचार कर म्हणालो. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तोच अर्ज घेऊन. मी मनापासून शिफारस लिहिली. माणुसकीच्या दृष्टीने विचार व्हावा असे काहीतरी. ती लिहिताना मला स्वतःबद्दल बरेच वाटले होते, हेही सांगून टाकतो.

ऑक्टोबरअखेर त्याचा डिस्चार्ज झाला. सेवा १४ वर्षे, २ महिने.

दहा महिने कमी. मी ते बघितले नव्हते. कागदावर भरतीची तारीख होती, डिस्चार्जची तारीख होती, दोन्हींच्या खाली माझी सही होती. वजाबाकी मी केली नाही. क्लार्कने केली असेल, पण त्याला कुणी विचारले नाही, आणि न विचारता साहेबाला काही सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

आता कुणी जाणकार म्हणेल, थोडी कमी पडलेली सेवा माफ करता येते की. येते. पेन्शन नियमांत तशी तरतूद आहे. आधी ६ महिन्यांपर्यंत होती, २००१ पासून १२ महिन्यांपर्यंत. पण त्याच नियमात पहिलाच अपवाद लिहिला आहे: जो स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडला त्याला ही माफी नाही. म्हणजे 'मला घरी जाऊ द्या' या चार शब्दांनी दहा महिन्यांची सवलत संपली. ते शब्द अर्जाच्या पहिल्याच ओळीत होते आणि मी ते वाचून हळहळलो होतो.

काय करता आले असते? फार काही नाही, साधी रजा. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस नैमित्तिक रजा. त्या वर्षाची महिनाभर शिल्लक होती आणि जानेवारीपासून नवे ९० दिवस. हप्त्याहप्त्याने घेतली असती तरी दहा महिन्यांपैकी चार महिने तो नियमात राहून वडिलांच्या उशाशी बसला असता. उरलेल्या सहा महिन्यांसाठी अनुकंपा तत्त्वावर घराजवळ बदली मागता आली असती. त्यासाठी तर ती सोय आहे. मिळाली नसती तरी सहा महिने रेटता आले असते. ऑगस्ट २०११ मध्ये तो पेन्शन घेऊन गेला असता.

तेव्हा किमान पेन्शन ३,५०० रुपये होती, २०१६ पासून ती ९,००० झाली, वर महागाई सवलत. त्याच्या आधी एक हुद्दा, एक पेन्शन आली. ७ नोव्हेंबर २०१५ चा आदेश, १ जुलै २०१४ पासून लागू. विनंतीवरून आधी बाहेर पडलेल्या पेन्शनरांनाही तिचा लाभ मिळाला. त्यालाही मिळाला असता. पेन्शन असती तर ईसीएचएस असते, म्हणजे नवरा-बायकोच्या दवाखान्याची सोय. त्याच्या पश्चात बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन असते. मी हे एकेक मोजत गेलो तेव्हा कळले की दहा महिन्यांत आपण एका घराचे पुढचे पन्नास वर्षांचे छप्पर काढून घेतले.

हे मला कळले कधी? २०१७ साली. त्याचा फोन आला. माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. तक्रार नव्हती. मुलाला माजी सैनिकाच्या पाल्यासाठी असलेल्या जागेवर अर्ज करायचा होता, आणि कार्यालयातल्या माणसाने सांगितले की तुम्ही नियमाप्रमाणे माजी सैनिकच नाही. "साहेब, असं कसं हो? चौदा वर्षं काढली." मी म्हणालो, बघतो. कार्यालयातला माणूस चुकीचा असणार या खात्रीने मी नियम काढला. तो बरोबर होता. पेन्शन न कमावता स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. चौदा वर्षे त्याने राजस्थानची उन्हे आणि काश्मीरचा बर्फ अंगावर घेतला, आणि सरकारी कागदात तो कोणीच नाही.

मी त्याला परत फोन केला आणि खरे ते सांगितले. त्यातली माझी चूकही सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला तरी कुठं माहीत होतं, साहेब." मला समजून घेण्यासाठी तो ते बोलला. पण याहून मोठा आरोप माझ्यावर आजवर कुणी केलेला नाही.

कारण मला माहीत असायला हवे होते. माझे भांडण इथून सुरू होते, आणि ते सरकारशी नाही, आमच्याशीच आहे.

आम्ही अधिकारी जवानाला डोळे बांधून रायफल खोलायला आणि जोडायला शिकवतो. नकाशावर सहा आकडी संदर्भ काढायला शिकवतो. त्याचा पाय कसा धुवायचा, मोजे कसे वाळवायचे, मच्छरदाणी कशी लावायची, हेही शिकवतो आणि तपासतो. पण त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी आर्थिक तारीख कोणती, हे ना त्याला विचारतो, ना आम्हाला येते. 'ते क्लार्क बघेल.' 'ते रेकॉर्ड ऑफिस बघेल.' बंदुकीच्या गोळीचा हिशेब मात्र आम्ही क्लार्कवर सोडत नाही. एक रिकामे काडतूस कमी पडले तर फायरिंग रेंजवर सगळी कंपनी रांगेत उभी करून वाळू चाळायला लावतो. एका माणसाचे दहा महिने कमी पडले तर कुणी वाळू चाळत नाही.

यावर मला मेसमध्ये मिळणारे उत्तर ठरलेले आहे. पेन्शन मोजणारा सैनिक लढत नाही. ज्याचे लक्ष तारखेवर तो जोखीम घेत नाही. मी हे वाक्य शेकडो वेळा ऐकले आहे, आणि बोलणारा जवळजवळ नेहमीच असा असतो की ज्याची स्वतःची २० वर्षे केव्हाच भरलेली आहेत. मी तर उलटे पाहिले आहे. चौकीवर ज्याचे मन घरच्या हिशेबात अडकले आहे, ज्याला आपण उद्या गेलो तर बायकोला काय मिळेल हे ठाऊक नाही, त्याचेच लक्ष उडालेले असते. ज्याला आकडा माहीत आहे तो निवांत असतो. आपल्याकडे किती गोळ्या आहेत हे माहीत असलेल्या माणसाला आपण भित्रा म्हणत नाही.

आणि न मोजणाऱ्याच्या वतीने मोजतो कोण? गावच्या पारावरचा सल्लागार. सुट्टीवर आलेल्या जवानाला तिथे तीन सल्ले मिळतात. पहिला: पंधरा वर्षे झाली की बाहेर पड, सिक्युरिटीत नोकरी आणि वर पेन्शन. दुसरा: कम्युटेशन पूर्ण घे, घर बांध. तिसरा: वनरँक आली आहे, आता काळजी नाही. तिन्ही अर्धवट खरे, म्हणून जास्त घातक.

पंधरा वर्षे होताच विनंतीवरून बाहेर पडलेल्याला पेन्शन मिळते हे खरे. पण ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशात म्हटले आहे की यापुढे जे स्वतःहून मुदतीआधी बाहेर पडतील त्यांना एक हुद्दा, एक पेन्शन लागू नाही. म्हणजे दर पाच वर्षांनी, २०१९ आणि २०२४ च्या जुलैपासून झाले तसे, इतरांची पेन्शन नव्याने ठरते. आदेशानुसार त्यात याची नाही. या अटीवर वाद झाले आहेत, होतही राहतील. पण जो कागद टाकतो त्याने ही अट वाचून टाकावा. शिपायाची १५ वर्षे आणि त्याची मुदत संपण्याची १७ वर्षे यांत दोनच वर्षांचे अंतर आहे. त्या दोन वर्षांसाठी पुढच्या चाळीस वर्षांच्या वाढी पणाला लावायच्या का, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मात्र तो निर्णय असावा, अज्ञान नसावे.

कम्युटेशनचेही तसेच. सैनिकाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसे घेता येतात. मुलकी कर्मचाऱ्याला ४० टक्क्यांपर्यंत. समजा एका जवानाचे शेवटचे मूळ वेतन ३२,००० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००. एकूण ३७,२००, निम्मी पेन्शन १८,६००. त्यातली अर्धी विकली की महिन्याला हातात ९,३०० आणि पूर्ण पेन्शनवरची महागाई सवलत. विकलेला भाग परत सुरू होतो १५ वर्षांनी. छत्तिसाव्या वर्षी घरी आलेल्या माणसाची ही १५ वर्षे म्हणजे पोरांचे दहावी, बारावी, कॉलेज, लग्न. सत्तरीतल्या माणसाने हे वाचले तर तो मान डोलावेल. पस्तिशीतल्या माणसाला ते आधी कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवायला हवे.

एका दिवसाचेही महत्त्व सांगतो. माझी जन्मतारीख १४ जून. अधिकारी त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून माझी तारीख ३० जून २०३३. वार्षिक वेतनवाढ १ जुलैची. वर्षभर काम करून एका दिवसाने वेतनवाढ हुकणाऱ्यांची एक अख्खी जमात या देशात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ च्या निकालात त्यांचा हक्क मान्य केला तेव्हा कुठे त्यांची पेन्शन सुधारण्याचा मार्ग खुला झाला. आपल्या गावाकडे तर अर्ध्या शाळेची जन्मतारीख १ जून. बाबांनीच कित्येकांच्या नावापुढे ती लिहिली आहे. पोराला शाळेत घ्यायचे तर काहीतरी तारीख लागतेच. ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो मुलकी नोकरीत आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख पुढे बदलत नाही. २०१२ मध्ये खुद्द लष्करप्रमुखांचा जन्मवर्षाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यांना याचिका मागे घ्यावी लागली. मग शिपायाने नंतर हातपाय मारून काय होणार?

अधिकारी वाचकांनी हसू नये. आपले तरी काय वेगळे आहे? आपली पेन्शनपात्र सेवा कमिशनच्या दिवसापासून सुरू होते. खडकवासल्याची तीन वर्षे आणि डेहराडूनचे एक, ही चार वर्षे त्यात नाहीत. मसुरीला प्रशिक्षण घेणारा आयएएस अधिकारी पहिल्या दिवसापासून सेवेत असतो. पहाटे साडेचारला खडकवासल्याच्या मैदानावर रांगणारा कॅडेट नसतो. जवानाची भरतीच्या दिवसापासून मोजतात, आणि ते योग्यच आहे. माझ्या किती कोर्समेटना हे कागद टाकायच्या आधी माहीत होते? एकाने चोविसावे वर्ष समजून मला फोन केला होता. त्याची भरली होती विसाच्या थोडी अलीकडे. थांबला, म्हणून वाचला.

विसाची ती रेघ किती जड आहे हे न्यायालयाला कळते. १७ फेब्रुवारी २०२० रोजी महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्यांची १४ वर्षांहून जास्त सेवा झाली आहे पण कायम कमिशन मिळाले नाही, त्यांना २० वर्षे पूर्ण करू द्या, म्हणजे त्या पेन्शनसह जातील. शॉर्ट सर्व्हिसची कमाल मुदत १४ वर्षे आणि पेन्शनची रेघ २० वर्षांवर, या दोन आकड्यांमधली सहा वर्षांची दरी न्यायमूर्तींनी बघितली. आपण वर्षानुवर्षे निरोपसमारंभात त्याच दरीत माणसे हार घालून पाठवत आलो.

आणि नियम उद्या हेच राहतील असेही धरू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये एक प्रस्ताव बाहेर आला होता. कर्नलचे निवृत्तीचे वय ५७, ब्रिगेडियरचे ५८, मेजर जनरलचे ५९ करायचे. आणि मुदतीआधी जाणाऱ्यांच्या पेन्शनला पायऱ्या लावायच्या. २० ते २५ वर्षे सेवा असेल तर देय पेन्शनच्या ५० टक्के, २६ ते ३० ला ६०, ३१ ते ३५ ला ७५, आणि ३५ च्या वर पूर्ण. तो अमलात आला नाही. पण त्या रात्री मी बाबांसारखी पेन्सिल घेऊन बसलो. माझे ५७ वे वर्ष जून २०३६ मध्ये भरले असते. कमिशनपासून तोवर सेवा होते साडेचौतीस वर्षे. सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत थांबूनही मला ३५ ची पायरी गाठता आली नसती. आणि मी तर बारावीनंतर आत आलेला. पदवीनंतर चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी कमिशन घेणाऱ्याची साडेबत्तीस-तेहतीसच होते. पायऱ्या मुदतीआधी जाणाऱ्यांसाठी आहेत, मुदत भरणाऱ्यांसाठी नाहीत, असे उत्तर यावर मिळते. मिळो. पण तेव्हा मेसमध्ये दिवसभर चाललेल्या चर्चेत स्वतःची सेवा वर्षे-महिन्यांत सांगू शकलेले अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ज्याला स्वतःचा आकडा माहीत नाही, त्याला नियम बदलल्याचे दुःखही नीट करता येत नाही.

आमच्या शेजारच्या निमलष्करी दलातला जवान ६० व्या वर्षी निवृत्त होतो, पण २००४ नंतर रुजू झाला असेल तर जुनी पेन्शन त्याला नाही. अग्निवीर चार वर्षांसाठी येतो. जाताना साधारण ११.७१ लाखांचा सेवा निधी, पेन्शन नाही. त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत कायम होतात आणि पुढे किमान १५ वर्षे राहतात. एकाच ट्रकमध्ये बसलेल्या, एकाच रंगाचा गणवेश घातलेल्या मुलांची गणिते आज वेगवेगळी आहेत. अशा काळात 'ते क्लार्क बघेल' म्हणणे हा गुन्हा आहे. मी हा शब्द विचार करून वापरतो आहे.

मग काय करावे? माझी मागणी पैशांची नाही, कागदाची आहे. एक पान.

सेवेची दहा वर्षे झालेल्या प्रत्येक जवानाला त्याच्या भाषेत एक पान द्यावे. त्यावर तीन तारखा: पेन्शनची रेघ ओलांडण्याची, आजच्या हुद्द्यात मुदत संपण्याची, पुढचा हुद्दा मिळाल्यास मुदत संपण्याची. प्रत्येक तारखेपुढे अंदाजे पेन्शन. खाली न मोजले जाणारे दिवस: विनापरवाना गैरहजेरी, कोठडी, बिनपगारी रजा. आणि सर्वांत खाली एक ओळ: स्वतःच्या विनंतीवरून गेल्यास काय काय जाते. दरवर्षी हे पान नव्याने काढावे आणि सुट्टीवर जाताना घरी न्यायला द्यावे, म्हणजे बायकोही वाचेल. आणि १५ वर्षांच्या आतला कुठलाही डिस्चार्जचा अर्ज हे पान जोडल्याशिवाय पुढे पाठवू नये, ज्यावर कंपनी कमांडरने स्वतःच्या हाताने वजाबाकी केलेली असेल. क्लार्कच्या नाही.

यासाठी नवा नियम लागत नाही, निधी लागत नाही. कमांडवर असताना मी ते केले. एका हवालदार क्लार्कला हाताशी धरून रविवारी सकाळी दोन-दोन तास बसलो. पहिले पान काढायला आठवडा लागला, कारण नियम मलाच शिकायचे होते. त्या काळात विनंतीचे दोन अर्ज परत घेतले गेले. दोघेही आज पेन्शनर आहेत. तिसऱ्याने पान वाचले, घडी घालून खिशात ठेवले, आणि तरीही घरी गेला. तो त्याचा अधिकार. तो डोळे उघडे ठेवून गेला.

माजी सैनिक बांधवांना एक विनंती. तुमच्या पारावर सुट्टीचा जवान येऊन बसतो तेव्हा "बाहेर पड" किंवा "थांब" सांगण्याआधी त्याला भरतीची तारीख विचारा. मग हुद्दा विचारा. मग बोटांवर मोजा.

मागच्या सुट्टीत बाबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी त्यांना सांगितले: २० वर्षे डिसेंबर २०२१ ला भरली, आज बाहेर पडलो तर काय मिळेल आणि काय जाईल, आणि मुदत संपते ३० जून २०३३ ला. त्यांनी चष्मा लावला, डायरी मागवली आणि शेवटच्या पानावर, स्वतःच्या खोडलेल्या आकड्यांखाली, पेन्सिलीने लिहून घेतले. मग विचारले, "आणि तुझ्या माणसांचे?"

खानापूरचा तो मुलगा आता पुण्यात एका कंपनीत लागला आहे. वडील शेतावरच असतात. विहिरीचा वाद मिटला. गेल्या दिवाळीत त्यांचा शुभेच्छांचा फोन आला, तेव्हा मी अजून सेवेत आहे का असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. "मग पोरांना सांगत जा, साहेब," एवढेच बोलले.

सांगतो आहे.